पौलाचा दाखला

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत एकाच माणसाचे दोन कागद निघाले. पहिला शाळा सोडल्याचा दाखला. नाव मराठी, आणि पुढे ‘हिंदू महार’. दुसरा बाप्तिस्म्याचा. मिशनचा छापील नमुना, पाळकसाहेबांची (म्हणजे चर्चच्या पाद्र्यांची) वळणदार सही, नाव बायबलातलं, आणि जातीचा रकानाच नाही. जन्मतारखाही वेगळ्या. (शाळेतली अर्थातच १ जून. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला.) आईला विचारलं, यातलं खरं कुठलं? ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पहिल्यावर नोकरी लागली, दुसऱ्यावर माती झाली.”

नगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आताच्या अहिल्यानगरात, आणि तिकडे जालन्यापर्यंत मिशनच्या गावांमधून अशा ट्रंका पुष्कळ असतील. त्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये मात्र विधान परिषदेत मोठ्याने बोललं गेलं. ‘क्रिप्टो ख्रिश्चन’, म्हणजे छुपे ख्रिस्ती, असा शब्द सभागृहात आला (मला आधी ते चलनच आठवलं), आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, की हिंदू, बौद्ध आणि शीख यांच्याखेरीज अन्य धर्मीयाने अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मिळवलं असेल तर ते रद्द केलं जाईल. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा. पुदुच्चेरीच्या एका महिलेने असं प्रमाणपत्र मागितलं होतं. ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळते, तेव्हा केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाची फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे कायद्याच्या भाषेत माझे वडील फसवणूक करणारे. ते मी नाकारत नाही आणि त्याचं कौतुकही करत नाही. पण फसवणूक नेमकी कुठल्या कागदावर झाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गावाने त्यांना शेवटपर्यंत महारच धरलं आणि ते शेवटपर्यंत येशूला प्रभू म्हणत राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एका कागदावर लिहायची सोय या देशात नाही, आणि ती का नाही, याची जबाबदारी एकट्या सरकारवर टाकून आम्हा ख्रिस्ती लोकांना सुटता येणार नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आधी सरकारचं बघू. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो, की हिंदूंहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या चार शीख जातींना तेवढा अपवाद होता. १९५६ मध्ये सगळ्या शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर राहिले. दलित ख्रिस्ती संघटना दरवर्षी १० ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळतात.

या परिच्छेदाचा मूळपुरुष मात्र १९५० चा नव्हे. १९३६ सालच्या ब्रिटिश सरकारच्या आदेशातच लिहिलं होतं, की कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. ज्या राजाच्या नावाने तो आदेश निघाला तो स्वतः चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख. आमच्याकडे काही मंडळी या सगळ्याचं खापर सरळ हिंदुत्वाच्या डोक्यावर फोडतात, त्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं. ख्रिस्ती झालास म्हणजे तुझी जात संपली, हे आम्हाला पहिल्यांदा एका ख्रिस्ती साम्राज्याने सांगितलं.

युक्तिवाद तोच चालत आला आहे: ख्रिस्ती धर्मात जात नाही, तर ख्रिस्ती माणसाला जातीचा दाखला कसला? ऐकायला बिनतोड. पण बौद्ध धम्मात तरी जात कुठे आहे? शीख गुरूंनी तरी ती कुठे मानली? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी जात टाकली, आणि टाकताक्षणी केंद्राच्या यादीतून ते बाहेर फेकले गेले. महाराष्ट्राने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राला ते पटायला आणखी तीस वर्षं लागली. १९९० च्या दुरुस्तीमागचं म्हणणं साधं होतं. माणसाने धर्म बदलला म्हणून गाव बदलत नाही. ते म्हणणं नवबौद्धाला लागू पडतं आणि त्याच वाड्यातल्या शेजारच्या घरातल्या ख्रिस्ती चुलतभावाला पडत नाही, याला काय म्हणायचं? आमच्या गावात दोन्ही घरांना सामाईक भिंत आहे.

आदिवासींना तर धर्माची अटच नाही. ख्रिस्ती झालेला आदिवासी अनुसूचित जमातीचाच राहतो.

१९८५ चा सूसाई खटला मला या सगळ्यात फार बोलका वाटतो. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला सांधणारा हा माणूस. जन्माने आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. सरकारने रस्त्यावर काम करणाऱ्या चर्मकारांना फुकट टपऱ्या द्यायची योजना काढली. शेजारी बसणाऱ्याला टपरी मिळाली, सूसाईला नाही. काम तेच, धूळ तीच, गिऱ्हाइकांचा एकेरीपणा तोच. सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतो, हे पुराव्यानिशी सिद्ध झालेलं नाही, असं कारण दिलं. पुरावा म्हणजे अधिकृत, अभ्यासाने गोळा केलेला. तो गोळा करायचा कुणी, तर सरकारने. आणि सरकार कागदावर ज्याची जातच मानत नाही, त्याच्या जातीच्या जाचाची नोंद ते कुठल्या रकान्यात करणार?

पुढे २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाका असं सांगितलं. अहवाल धूळ खात पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढवावी लागली. दरम्यान कायद्याने एक चमत्कारिक सिद्धान्त मात्र पक्का केला आहे. ख्रिस्ती झालेल्या माणसाने, किंवा त्याच्या मुलाबाळांनी, परत हिंदू धर्मात यायचं ठरवलं आणि जातीने त्यांना स्वीकारलं, तर त्यांची जात पुन्हा जागी होते आणि सवलतीही मिळतात. २०१५ च्या एका निकालाने हे नीट अटी घालून सांगितलं आहे. म्हणजे जात मेली नव्हती. ती घडी घालून, डांबराची गोळी घालून कपाटात ठेवली होती. धर्म बदलताना ती संपते असं म्हणायचं, आणि परतताना जशीच्या तशी निघते असंही म्हणायचं. एकाच कपाटाला दोन न्याय.

महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात धरतात. काही न मिळण्यापेक्षा ते बरं. पण त्या दाखल्यावर अॅट्रॉसिटीचा कायदा चालत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे, नोकरीत नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयासमोर २०२५ मध्ये एका पाळकाचं प्रकरण आलं. जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली, अशी त्याची तक्रार होती. त्याच्याकडे अनुसूचित जातीचा दाखलाही होता. न्यायालयाने म्हटलं, तू दहा वर्षं पाळक आहेस, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून हा कायदा तुझ्यासाठी नाही. तक्रारीत किती तथ्य होतं ते मला माहीत असण्याचं कारण नाही. पण असं घडतं तेव्हा शिवी देणाऱ्याला समोरच्याची जात ठाऊक असते, फक्त कायद्याला ठाऊक नसते.

आता आमच्याकडे वळतो, कारण सरकारने हे वाक्य आमच्याच घरातून उचललं आहे.

पौल हा ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रेषित. बायबलात त्याने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते येतं: यहूदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाही. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ते पाठ. उपदेशात ते येतं, लग्नात येतं. ‘आपल्यात जात नाही’ असं म्हणून सभेतला नको असलेला विषय बंद करायलाही ते येतं. मी स्वतः ते तसं वापरलेलं आहे. कॉलेजात कुणी आडनावावरून ‘तुम्ही मूळचे कोण?’ विचारलं की मी ताठ मानेने म्हणायचो, आम्ही ख्रिस्ती. श्रद्धेचं उत्तर होतं, पण त्यात थोडी चतुराईही होती.

कारण जात आमच्यात आहे. गोव्यात बामोण, चारडो, सुदिर हे जातीचे शब्द आजही कॅथलिक घरांत कुजबुजत वापरले जातात. तिथली कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चच्या सणा-मिरवणुकांची व्यवस्था बघणारी मंडळं, पिढ्यान्‌पिढ्या जातीवार चालली, आणि कुणी कुठल्या रंगाची झूल घालायची यावरून भांडणं झाली. स्थळांच्या जाहिरातीत ‘आरसीबी’ लिहिलेलं असतं. रोमन कॅथलिक ब्राह्मण. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या सोयरिकी कशा जुळत आल्या ते वसईकरांना सांगायला नको. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक स्मशानभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आहे. २००८ मध्ये एरैयूर गावात दलित आणि वन्नियार कॅथलिकांचा तंटा इतका पेटला की पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली. एका येशूचे, एका देवळाचे, एकाच पदराखालचे लोक हे.

पुण्याच्या लोकांना पंचहौद मिशनची गोष्ट माहीत असते. १८९० मध्ये गोपाळराव जोशींनी तिथे चहाचा बेत घडवून आणला, आणि चहा-बिस्किटाच्या पापाबद्दल टिळक-रानड्यांसकट मोठमोठ्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं. ब्राह्मणाची जात बिस्किटाने जाई. आमची बाप्तिस्म्यानेही गेली नाही.

मिशनरी लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. त्यांच्या शाळांत महार-मांगांची पोरं आणि उच्चवर्णीय पोरं एका बाकावर बसवायची की नाही, प्रभूभोजनाचा प्याला एकच ठेवायचा की नाही, यावर घासाघीस झाली आणि पुष्कळदा त्यांनी बाजू बरोबर घेतली. नगरातल्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ते उगाच नाही. पण धर्मांतर व्यक्तीचं आणि वस्ती जागेवरच, अशी सांगड होती. चॅपल उभं राहिलं ते महारवाड्यातच. आमचं देऊळ गावाच्या ज्या अंगाला आहे, त्यावरून शंभर वर्षांपूर्वीचा गाव नकाशाशिवाय काढता येतो.

पुन्हा पौलाकडे. ‘भेद नाही’ लिहिणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातला एक प्रसंग आमच्याकडे उपदेशात भूकंपासाठी सांगतात, मला तो सकाळसाठी महत्त्वाचा वाटतो. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना चौकशी न करता भर बाजारात कपडे फाडून छड्यांनी मारलं, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं. मध्यरात्री ते गाणी गात होते. भूकंप झाला, दारं उघडली, तरी ते पळाले नाहीत. इथवर सगळे सांगतात. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायाकरवी निरोप धाडला, की त्या माणसांना सोडून द्या. तुरुंगाचा अधिकारी आनंदाने सांगायला आला: जा, शांतीने जा. पौल हलला नाही. तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. आम्हाला खटल्याशिवाय उघड मारलं, आणि आता गुपचूप घालवून देता? ते नाही चालायचं. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या.

बाविसाव्या अध्यायात यरुशलेमात त्याला चाबकासाठी बांधलेलं आहे. जवळ उभ्या असलेल्या शताधिपतीला तो विचारतो, रोमन माणसाला दोषी ठरवल्याशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? धावपळ उडते. सरदार येऊन म्हणतो, मी तर मोठी रक्कम मोजून हे नागरिकत्व मिळवलं. पौल म्हणतो, मी जन्मानेच आहे.

ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे ज्याने लिहिलं, त्याला आपल्या कागदाची किंमत पैन्‌पै ठाऊक होती. त्याने तो कागद ऐषारामासाठी वापरला नाही. चाबूक थांबवायला वापरला. फिलिप्पैत तर मार खाऊन झाल्यावर वापरला, म्हणजे पुढच्याला तो पडू नये म्हणून. माझ्या समजुतीने अॅट्रॉसिटीचा कायदा मागणारा आंध्रातला तो पाळक आणि यरुशलेमातला पौल एकाच ठिकाणी, हात बांधलेले, उभे आहेत. एकाला शताधिपतीने सोडवलं. दुसऱ्याला सांगितलं, तुमच्याच पौलाने लिहिलंय ना, की भेद नाही म्हणून?

‘भेद नाही’ ही मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, केलेली आज्ञा आहे. एकमेकांशी असं वागा. ते वाक्य जनगणनेचा अहवाल नव्हे, आणि तहसीलदाराच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवायची चीज तर नाहीच. सरकार ते अहवालासारखं वाचतं. आमचे पुढारी ते आज्ञेसारखं वाचायचं टाळतात. दोघांचीही सोय होते.

आमच्यात ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. तुमचा समाज शिकलेला, तुमच्यात मॅट्रिक झालेली कितीतरी मुलं-मुली, पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आपल्या संसारात. अन्यायाविरुद्ध चळवळ नाही. आमचे अस्पृश्य अडाणी असून धडपडतात, म्हणून कायदेमंडळात त्यांच्या पंधरा जागा आहेत. हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. यातली नर्स म्हणजे माझी आत्या आणि मास्तर म्हणजे आजोबा, असं वाटून मला ते वाचताना कानकोंडं झालं होतं.

पुढे संविधान सभेत मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरलं, तेव्हा हरेन्द्रकुमार मुखर्जी, फादर जेरोम डिसोझा अशा ख्रिस्ती सदस्यांनी त्याला मनापासून साथ दिली. उदात्त भूमिका होती, त्याबद्दल आदरच आहे. पण ती घेणारे कोण होते, हेही बघावं लागतं. सोडून देण्यासारखं ज्यांच्यापाशी काही होतं, ते. मद्रासच्या फुटपाथवरचा सूसाई त्या सभेत नव्हता. वर्षभराने तिसरा परिच्छेद आला.

आता यावरचे आक्षेप. परिच्छेद काढला की धर्मांतरं वाढतील, या आक्षेपात मला दम दिसत नाही. उलट आजची तरतूदच श्रद्धेची किंमत ठरवते: हा देव मानलास तर दाखला, तो मानलास तर नाही. आमिष दाखवून धर्म बदलायला लावू नये, हे मान्य. मग आमिष दाखवून धर्मात राहायलाही लावू नये.

दुसरा आक्षेप आमच्या बौद्ध भावकीचा. तो जड आहे, आणि तो तोंडावर मांडला जातो त्याबद्दल मला बरंच वाटतं. “आमचे बाप लढले, तेव्हा तुम्ही मिशन कंपाउंडात हार्मोनियम वाजवत होता. आता तेरा टक्क्यांत वाटा मागता?” माझ्याच एका मित्राचं हे वाक्य. मिशनच्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांचा पहिला फायदा आम्हाला मिळाला, हे खरंच आहे. म्हणून आहे त्याच ताटात हात घालायची मागणी मी करणार नाही. वाटा लोकसंख्येच्या हिशोबाने वाढवून मिळावा. २०११ च्या जनगणनेत राज्यात सगळे ख्रिस्ती मिळून सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातल्या दलितांपुरती वाढ होऊन होऊन किती होणार? आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा आडवी आली, तर आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्क्यांसाठी २०२२ मध्ये ती आडवी आली नव्हती, एवढी आठवण करून देता येईल. शिवाय १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायला मोकळीक दिली आहे. ख्रिस्ती झालेल्यांचा वेगळा छोटा उपवर्ग करा. म्हणजे मिशनच्या इंग्रजीने कुणाची जागा घेतली, ही तक्रार उरणार नाही. आणि समजा तेही नको असेल, तर नोकऱ्या राहू द्या बाजूला. आधी अॅट्रॉसिटीचं संरक्षण द्या. त्यात कुणाचा वाटा कमी होत नाही. (आमच्या संघटनांना माझा हा क्रम आवडत नाही. सगळं एकदम मागा, असं त्यांचं म्हणणं. पंचाहत्तर वर्षं एकदमच मागतो आहोत.)

पण या मागणीला वजन यायचं तर एक हिशोब आधी घरात मांडावा लागेल. २००५ च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांत अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गांसाठी प्रवेशाची तरतूद करायचा अधिकार सरकारला दिला, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळून. त्या सवलतीखाली मुंबई-पुण्यातली नामांकित ख्रिस्ती शाळा-कॉलेजं सुरक्षित आहेत. म्हणजे आम्ही दिल्लीला जाऊन म्हणणार, दलित ख्रिस्ती मुलाला आरक्षण द्या. आणि तेच मूल आमच्या कॉलेजच्या दाराशी आलं की सांगणार, आम्ही अल्पसंख्याक, आम्हाला आरक्षण लागू नाही. अल्पसंख्याकांचा हक्क मला प्रिय आहे, तो जाऊ नये. पण त्या हक्कात कुणाला आत घ्यायचं ते आपण ठरवतो, आणि तिथे आपण कुणाला घेतलं, हे मोजायला कायद्याची बंदी नाही.

भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आत भेदभाव आहे, हे त्यात मोकळेपणाने कबूल केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. पोपनी केलं म्हणून झालं, असं कुणी म्हणेल, तरी झालं हे चांगलंच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत, निदान माझ्या पाहण्यातल्या, अजून ‘आपल्यात जात नाही’ हेच धोरण आहे, आणि ते लेखी नसल्यामुळे बदलताही येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. मागणी साधी होती. आपल्या विश्वस्त मंडळाच्या शाळेत शिक्षक किती, विद्यार्थी किती, आणि त्यांतले पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेल्या ख्रिस्ती घरांतले किती, एवढे आकडे गोळा करून सभेपुढे ठेवावेत. काही करा असंही म्हटलं नव्हतं, नुसतं मोजा. तो ‘आयत्या वेळचे विषय’ यात गेला. आयत्या वेळी छपराच्या गळतीवर तासभर चर्चा झाली. मग माझी पाळी आली तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उठले, माझ्या वडिलांचे मित्र, त्यांच्याही घरी तशीच ट्रंक असणार, आणि कळवळून म्हणाले, “बाबा रे, प्रभूच्या घरात जात कशाला आणतोस?” बाहेर चहा निवत होता. अध्यक्षांनी समाप्तीचं गीत सांगितलं.

इतिवृत्तात ठरावाचा उल्लेख नाही. या वर्षी तो मी आधी लेखी देणार आहे, दोन प्रतींत, आणि एकीवर तारीख घालून पोच घेणार आहे.